जॅझ सोडून सध्या काय ऐकताय?

परदेशात आल्यावर माझं ज्यांच्याशी सगळ्यात लवकर जमलं, ते म्हणजे इथले जॅझवेडे. अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमायचं, रेकॉर्ड लावायच्या आणि ऐकायच्या. बोलायचं ते रेकॉर्ड संपल्यावर. एरवी अर्थातच माइल्स, मंक, मिंगस, कोल्ट्रेन ही जॅझमधली मोठी नावं. पण कधीतरी एखादी बैठक अशी ठरते की आज जॅझ बंद. प्रत्येकाने सध्या घरी जॅझखेरीज जे काही वाजतंय तेच आणायचं. मला विचाराल तर या बैठका सगळ्यात जास्त रंगतात.

याचं कारण मला असं वाटतं: ‘आयुष्यातले सर्वोत्तम दहा अल्बम’ विचारले की माणूस जरा सावरून बसतो. यादीत काय असलेलं बरं दिसेल, याचा विचार करतो. ‘सध्या काय ऐकतोयस?’ या प्रश्नाला तशी सवड मिळत नाही. गेल्या आठवड्यात जे पुन्हापुन्हा लावलं, तेच सांगावं लागतं. आणि त्यातून त्या माणसाचा कान कळतो. जॅझ बाजूला ठेवायला सांगितलं तरी कान बाजूला ठेवता येत नाही.

आमच्यातला एकजण डबल बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, वाजवतो. त्याने व्हॅन मॉरिसनचा ‘अ‍ॅस्ट्रल वीक्स’ आणला होता. १९६८चा अल्बम, गायक उत्तर आयर्लंडचा, दुकानात शोधायला गेलात तर रॉकच्या किंवा लोकगीतांच्या कप्प्यात सापडेल. पण साथीला कोण आहे बघा. बासवर रिचर्ड डेव्हिस, जो १९६४ साली एरिक डॉल्फीच्या ‘आउट टू लंच’ या जॅझ अल्बमवर वाजवून गेला होता. ड्रम्सवर मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा कॉनी के. गिटारवर जे बर्लिनर, ज्याने मिंगसबरोबर काम केलं होतं. न्यूयॉर्कमध्ये मोजक्या सत्रांत रेकॉर्डिंग उरकलं आणि वादकांसमोर लिहिलेली स्वरलिपी अशी नव्हतीच. गायक गिटार घेऊन गाणं म्हणे आणि बाकीच्यांनी त्यात शिरायचं.

त्याने आम्हाला पहिलं गाणं दोनदा ऐकवलं. एकदा नेहमीसारखं. दुसऱ्यांदा म्हणाला, आता आवाजाकडे लक्षच देऊ नका, फक्त बास धरा. मॉरिसनला एखादा शब्द सापडला की तो त्यालाच घोळवत बसतो, दोनदा, चारदा. अशा वेळी डेव्हिस खाली ठेका धरून थांबत नाही. तो वर चढतो, दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत स्वतःचं एक वाक्य बोलून घेतो आणि गायक परत यायच्या आत जागेवर येतो. चांगला हार्मोनियमवाला ख्यालात जे करतो ना, गायकाची जागा उचलायची पण तिच्यावर पाय द्यायचा नाही, तेच. हे एकदा कानात बसलं की तो अल्बम पूर्वीसारखा ऐकूच येत नाही. तुम्हीही दोनदा ऐका, माझा आग्रह आहे.

गायिका जोनी मिचेलच्या ‘हेजिरा’ अल्बमचंही (१९७६) थोडंफार तसंच. त्यातल्या चार गाण्यांत जॅको पास्टोरियसचा फ्रेटलेस (पडदे नसलेला) बास आहे आणि तो गाण्याइतकाच बोलका आहे. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही.

शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत आणणारेही बरेच असतात. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखचे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ दोनदा रेकॉर्ड केले, १९५५ आणि १९८१ साली. पहिलं साधारण ३८ मिनिटांत संपतं, दुसऱ्याला ५१ मिनिटं लागतात. दोन्ही न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीटवरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत झाली, एका जुन्या चर्चच्या इमारतीत. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ मध्ये तिथेच ध्वनिमुद्रित झाला. तरुणपणचं रेकॉर्डिंग चमकदार आहे, बोटं बघत राहावीत असं; पण मी घरी लावतो ते दुसरं. सुरुवातीची आरिया, म्हणजे मूळ धून, तो इतक्या सावकाश वाजवतो की प्रत्येक स्वर विझत जाताना ऐकू येतो, आणि मधूनच त्याचं स्वतःचं गुणगुणणंही. १९८२ मध्ये तो गेला.

एस्टोनियन संगीतकार अर्वो पॅर्टचा ‘टाबुला रासा’ (१९८४) मला याच मंडळींनी दिला, त्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. त्यातल्या ‘फ्रात्रेस’मध्ये गिडॉन क्रेमरच्या व्हायोलिनला पियानोची साथ आहे जॅझवाल्या कीथ जॅरेटची. एकट्याने मंचावर बसून तासभर नवं संगीत जागच्या जागी रचणारा हा माणूस, इथे मोजके आणि लिहून दिलेले स्वर वाजवतो. स्वतःचं एकही वाक्य घालत नाही. तेवढं ऐकण्यासाठी तरी ही रेकॉर्ड घरात असावी.

सगळंच पटतं असं नाही. ब्रायन ईनोचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (१९७८) लावला तेव्हा मला अगदीच कंटाळा आला. पण त्यात अल्बमचा दोष आहे असं वाटत नाही. ते संगीत खोलीत नुसतं असावं म्हणून केलंय. लक्ष दिलं तरी चालेल, नाही दिलं तरी चालेल. आठ-दहा माणसं मान खाली घालून ऐकायला बसली तर त्याचा जीव गुदमरणारच. नंतर घरी काम करताना लावलं आणि छान वाटलं.

माझी पाळी आली तेव्हा मी किशोरीताईंचा भूप नेला. ‘प्रथम सूर साधे’ आणि मग ‘सहेला रे’. खरं सांगतो, मनात धाकधूक होती. विलंबित ख्यालाला हे लोक बसतील का, असं वाटत होतं. बसले. संपल्यावर आमच्यातला एक पियानोवादक सरळ पियानोकडे गेला आणि त्याने पाच स्वर वाजवले: सी, डी, ई, जी, ए. सा, रे, ग, प, ध. म्हणाला, हे पाच स्वर तर जगभर सापडतात, मी रोज वाजवतो. मग हे माझ्यासारखं का वाटत नाही?

मी त्याला देशकार गुणगुणून दाखवला. स्वर तेच पाच. पण भूप खालच्या अंगात रमतो, गंधारावर येऊन विसावतो. देशकार वरच्या अंगाचा, धैवतावर उभा राहणारा. एक संध्याकाळचा, दुसरा सकाळचा. त्याने दोन्ही वाजवून पाहिले, बराच वेळ. धैवतावर थांबला की चेहरा बदलायचा. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये ‘सो व्हॉट’ हे गाणं एका स्वरसप्तकावर चार-चार मात्रांचे सोळा खंड, मग अर्धा स्वर वर आठ आणि परत खाली आठ असं चालतं. त्या मैदानात कुठल्याही स्वरावरून कुठेही जायची मुभा. इथे मात्र मैदान तेच, आणि कुठे थांबायचं, कुठे नुसता स्पर्श करून निघायचं, हे आधीपासून ठरलेलं. त्याला हे बंधन वाटलं नाही. उलट तो म्हणाला की आता पाच स्वर जास्त वाटायला लागले.

एक गोष्ट मात्र पियानोवर येईना. पंचमावरून गंधारावर येताना ताई जी मींड घेतात, ती. पट्ट्या वेगवेगळ्या, मधली वाट नाहीच. त्याने तीन-चार प्रकारे करून पाहिलं, शेवटी हात उचलले आणि म्हणाला, परत लाव. आम्ही ‘सहेला रे’ परत लावलं, आणि मग रेकॉर्ड उलटून बागेश्रीही.

सध्या माझ्याकडे ‘इन द हार्ट ऑफ द मून’ चालू आहे. मालीचे दोन दिग्गज, अली फार्का टूरे गिटारवर आणि तुमानी दियाबाते एकवीस तारांच्या कोरावर. २००५चा अल्बम, बामाकोमधल्या नायजर नदीकाठच्या हॉटेलात ध्वनिमुद्रित केलेला, बहुतेक भाग तालमीशिवाय. गिटार एखादी छोटी ओळ धरून ठेवते आणि कोरा तिच्याभोवती विणत जातो, कधी इतक्या वेगाने की दोन माणसं वाजवताहेत असा भास व्हावा. घाई मात्र कुठेच नाही.

पुढच्या जॅझ-बंद बैठकीला मी मल्लिकार्जुन मन्सूर नेणार आहे, एखादा अनवट राग. पियानोवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय.