बकऱ्यांआधी घाणेरी

बडोद्याजवळच्या वाघोडिया तालुक्यातली बाबांची दीड एकर जमीन अकरा वर्षं पडीक होती. शहरातल्या दांडिया बाजारातल्या घरून कधीतरी रविवारी जायचं, बांधावरून बघायचं नि परतायचं. आत शिरायला वाटच नव्हती. सगळीकडे विलायती बाभूळ, म्हणजे इथला गांडो बावळ.

आधी जेसीबी लावला. दोन दिवसांत रान मोकळं झालं आणि पहिल्या पावसानंतर महिन्याभरात प्रत्येक खोडातून पाच-सहा धुमारे वर आले. शेजारी ढोरं राखणारे भरवाड काका बघून म्हणाले, "बेन, मूळ रही जाय तो पाछो ऊगे." या झाडाचे डोळे जमिनीखाली वीतभर भागात असतात. तेवढा गड्डा निघाला नाही तर वरून कितीही कापा. मग दिवाळीनंतर, जमिनीत ओल होती तोवर, तीन मजुरांनी कुदळ आणि पहारीने सहा आठवडे खणलं. जाड लाकूड जळणाला विकलं, काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. कडुनिंब, बोर आणि देशी बाभळी तेवढ्या राखल्या.

उत्तरेच्या बांधालगतची घाणेरी, म्हणजे लँटानाची झुडपं, मात्र तशीच ठेवली. बकऱ्या आल्या की खाऊन साफ करतील, असं सगळेच म्हणत होते आणि मलाही ते पटलं होतं.

सहा सुरती बकऱ्या आणल्या. सुरती ही या भागातलीच दुधाची जात. पांढरी, मध्यम चणीची, बांधून चारा घातला तरी सुखाने राहणारी. टेम्पोतून उतरल्या तेव्हा प्रवासाने भुकेल्या होत्या आणि मी त्यांना थेट मोकळं सोडलं. जाणती बकरी सहसा घाणेरीला तोंड लावत नाही, पण नव्या जागी रिकाम्या पोटी आलेली लावते. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या गौरीने चारा सोडला. शेण घट्ट, हिरड्या पिवळ्या, उन्हात उभी राहीना, नाकाभोवतीची कातडी लाल. डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला होता. घाणेरीने यकृत बिघडतं, मग ऊनही सोसत नाही. पाचव्या दिवशी गौरी गेली. ती गाभण होती. बाकीच्या पाच वाचल्या, कारण त्यांनी थोडंच खाल्लं होतं.

त्यानंतर आठ दिवस बकऱ्या गोठ्यात आणि मी बांधावर. घाणेरी मुळासकट उपटली, ओढ्याकाठचं बेशरम नावाचं झुडूपही काढलं, कारण तेही बकरीला विषारी. वाळलेली घाणेरीही घातकच, म्हणून ढीग शेतात ठेवला नाही. एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती: बावळाच्या शेंगा बकऱ्या आवडीने खातात, पण बिया लेंडीतून सलामत बाहेर पडतात आणि उगवतात. म्हणजे जे आपण खणून काढतो, तेच त्या पुन्हा पेरतात. आता पडलेल्या शेंगा मी झाडून गोळा करते आणि बी फुटेल अशा दळूनच थोड्या घालते.

गोठा साधा आहे, लांबी पूर्व-पश्चिम, जमिनीपासून दोन फूट उंच फळ्यांचा, मधल्या फटींतून लेंड्या खाली पडतात. पावसाळ्यात कोरडं राहणं हे औषधापेक्षा मोठं, असं माझं ठाम मत आहे. तरी पावसाआधी आंत्रविषाराची लस देतेच, पीपीआर या बकऱ्यांच्या साथीच्या रोगाचीही दिली, आणि दर पंधरवड्याला पापणी उलटून बघते. आतला भाग फिका पडला तर पोटात जंत आहेत असं समजून डॉक्टरांना विचारून औषध पाजते.

बकरी साधारण 150 दिवसांनी विते. पिल्लू जन्मल्यावर तासाभरात चीक पाजायचा आणि नाळेला आयोडीन लावायचं, यात मी कधी हयगय करत नाही. दूध काढायला शिकायला मात्र मला आठवडा लागला. अंगठा-तर्जनीने सड वरून बंद करायचं, मग एकेक बोट दाबत खाली यायचं, ओढायचं नाही. सध्या तीन दुभत्या मिळून सकाळी दोन लिटर निघतं. उकळूनच द्यायचं, हे आईने घरात सगळ्यांना बजावलंय.

बांधावरची पाव एकर अजून खणायची आहे. ती या हिवाळ्यात झाली की मगच बोकड आणणार, आणि तोही बकऱ्यांपासून दूर बांधणार, नाहीतर दुधाला त्याचा वास येतो. तोवर रोज बकऱ्या सोडण्याआधी मी कुंपणालगत एक फेरी मारते. परवा घाणेरीचे दोन कोंब सापडले.