नवतप्यात बॅटरी चार्जिंग: क्लासिक ५०० ईएफआयची नोंद

गाडी रॉयल एनफिल्ड क्लासिक ५००, ईएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने पेट्रोल घेणारी). बॅटरी १२ व्होल्ट, १४ अँपिअर-अवर, सीलबंद एजीएम (आम्ल आतल्या काचतंतूंच्या गादीत शोषलेलं). जागा ग्वाल्हेर, लश्कर भागातल्या वाड्याची ओसरी. नवतपा म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, दुपारी सावलीतही ४२ अंश.

पहिला दिवस. चावी फिरवल्यावर इंधन पंपाची घूंघूं दबकी, सेल्फ दाबला की नुसती टकटक. उभ्या गाडीवर ११.९ व्होल्ट. किकने चालू होईलही, पण मग रिकाम्या बॅटरीचा सगळा भार स्टेटर (इंजिनवर वीज बनवणारी गुंडाळी) आणि रेक्टिफायरवर (ती वीज बॅटरीजोगी करून व्होल्टेज आवरणारा). आणि बॅटरी पार बसली असेल तर किकही व्यर्थ, पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) सगळे तिच्यावरच जगतात.

बॅटरी गाडीतून काढूनच चार्ज करायची. चावी बंद, मिनिटभर थांबून आधी काळी वायर, मग लाल. उलट केलं आणि लालवरचा पाना फ्रेमला टेकला, तर थेट शॉर्ट. लावताना आधी लाल.

दुसरा दिवस. पहाटे ५ ला चार्जर लावला. आधी चिमटे, मग भिंतीवरचं बटण; काढताना आधी बटण. करंट क्षमतेचा दहावा हिस्सा, म्हणजे १.४ अँपिअर. करंटकडे सगळेच बघतात, खरा घात व्होल्टेज करतं. २५ अंशाला १४.४ व्होल्ट ठीक. त्यापुढे दर अंशामागे साधारण २० मिलिव्होल्ट कमी करायचे. ४२ अंशाला १४.१ पुरेत. जानेवारीच्या धुक्यात हाच हिशोब उलटा.

ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचे जुने ट्रान्सफॉर्मरवाले चार्जर इथे नकोत. त्यांना वरची मर्यादाच नसते, १६ व्होल्टपर्यंत चढतात. एजीएम आतून सुकते, एकदा गेलेलं पाणी परत घालता येत नाही. ‘रिकंडिशन’ मोडही तसाच, आणि बॅटरी गाडीत असताना तर मुळीच नाही. मध्ये लाईट गेली तर परत आल्यावर मोड तपासा, काही चार्जर विसरतात.

दुपारी ३ ला करंट ०.१ अँपिअरवर आला. बॅटरी कोमट, गरम नाही. गरम लागली असती तर तिथेच बंद.

तिसरा दिवस. रात्रभर सुटी ठेवून १२.८. चार्जर काढल्या काढल्या दिसणारा आकडा फसवा असतो, तो धरू नका. टर्मिनलवरची पांढरी पावडर पॉलिश पेपरने काढली, बोल्ट कसले, वर व्हॅसलीनचा हात. चावी लावल्यावर पंप थांबेपर्यंत वाट पाहिली, इंजिनचा दिवा विझला, मग सेल्फ. सेल्फ मारताना १०.४ व्होल्ट, ९.६ च्या खाली गेलं असतं तर बॅटरीच संपलेली. ३,००० आरपीएमला १४.२. इथे १५ दिसले तर रेक्टिफायर गेला. १३ च्या आसपासच रेंगाळलं तर स्टेटरचा कनेक्टर उघडून बघा, बहुधा पिन जळून काळी पडलेली असते.

चालू इंजिनवर वायर सोडून ‘चार्जिंग बघायची’ जुनी सवय मात्र या गाडीवर नको. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जातो.

उरला प्रश्न बॅटरी बसली कशाने. चावी बंद ठेवून काळी वायर सोडली, मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून मध्ये जोडला. (मीटर असा जोडलेला असताना चावी लावून सेल्फ दाबला की मीटरचा फ्यूज गेलाच.) ४५ मिलिअँपिअर, म्हणजे तेरा दिवसांत पूर्ण बॅटरी रिकामी. हँडलवरचा मोबाईल चार्जिंग सॉकेट थेट बॅटरीला जोडलेला होता. तो रिलेमार्फत चावीवर घेतला, म्हणजे चावी बंद की तोही बंद, लाल वायरवर फ्यूज टाकला. आता २ मिलिअँपिअर.