ऑइल डोअर: पिनेची जागा ठरली, आर्म कापून आले

ऑइल डोअर म्हणजे विमानाच्या काउलमधलं, म्हणजे इंजिनावरच्या आवरणातलं, तेल तपासायचं छोटं दार. त्याला साधी पियानो बिजागरी, म्हणजे कडेभर लांब सलग बिजागरी, लावली असती तर काम एका दुपारचं होतं. पण तिच्या नळ्यांची रांग काउलच्या बाहेर दिसते आणि वाऱ्यातही येते. कपाटाच्या 35 मिमी वाटीच्या लपत्या बिजागऱ्या बेळगावच्या खडेबाजारात सहज मिळतात, पण त्या नकोतच. त्यांना 12 मिमीच्या आसपास खोली लागते आणि आपला फायबरचा पत्रा 2 मिमीचा. शिवाय त्यातलं ओतीव जस्त इंजिनाच्या तापात आणि थरथरीत ढिलं पडतं. म्हणून दाराला पिनेशी जोडणारे बाकदार आर्म, म्हणजे गूजनेक, स्वतःच करायचे ठरले.

सगळी मेख पिनेच्या जागेत आहे. पिन काउलच्या स्थिर पत्र्याखाली, वरच्या पृष्ठभागापासून 10 मिमी खोल धरा. दाराच्या कडेपासूनही ती 10 मिमीच मागे ठेवली, तर कड वर येता येता मागे सरकते आणि न घासता सुटायला 2 मिमी फट लागते. तीच पिन 20 मिमी मागे नेली की फट 1 मिमीच्या आत भागते. याची किंमत मात्र बाकाच्या खोलीत मोजावी लागते. दार 90 अंश उघडताना स्थिर पत्र्याची कड पिनेभोवती साधारण 21.5 मिमी त्रिज्येने बाकाच्या आत फिरते. म्हणून बाकाची आतली कड 24 मिमी त्रिज्येची ठेवली आणि पिनेकडचा दांडा 10 मिमी रुंद. दांडा फार रुंद केला तर उघडलेलं दार 90 अंशांच्या आधीच अडतं.

हे कागदावर पटत नसेल तर जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून आर्म कापा, टाचणीवर फिरवून बघा. कुठं घासतं ते दोन मिनिटांत कळतं. इथं तीन पुठ्ठे वाया गेले, पत्रा एकही नाही.

आर्म 3.2 मिमी 6061-टी6 या कडक अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्यातून सपाट कापले. वाकवायची भानगडच नको. उद्यमबागेत वायरकटवाले, म्हणजे तारेच्या ठिणगीनं धातू कापणारे, भरपूर आहेत, दोन्ही आर्म एकावर एक ठेवून एकाच वेळी कापून घ्या म्हणजे भोकं जुळतात. पत्रा मात्र सर्टिफिकेटसह घ्या. 'अॅल्युमिनियमच आहे की' म्हणून मिळणारा भांड्यांचा मऊ पत्रा इथं चालत नाही. पिनेच्या भोकात ब्राँझची बुश, म्हणजे छोटी नळी, दाबून बसवा, नाहीतर पोलादी पिन अॅल्युमिनियम खात जाते, भोक लांबट होतं आणि दार खडखडू लागतं.

काउल गोलसर असल्याने दोन्ही बिजागऱ्या आपापल्या जागी पत्र्याला टेकवून चिकटवल्या, तर त्यांच्या पिना एका रेषेत येत नाहीत आणि दार जाम होतं. दोन्हींतून 4 मिमीची एकच सरळ सळई घालून ठेवा, खालची पोकळी फ्लॉक्सच्या, म्हणजे कापसाचे तंतू मिसळलेल्या इपॉक्सीच्या, लगद्यानं भरा आणि इपॉक्सी पुरती सुकेपर्यंत सळई काढू नका. दाराखालच्या टेकणीला प्रत्येक आर्मसाठी 6 मिमीची खाच लागते.

नुसत्या चिकटण्यावर विसंबू नका. इंजिन बंद केल्यावर काउलच्या आतला ताप आणखी चढतो आणि घरातल्या तापमानाला सुकवलेली इपॉक्सी त्या तापात मऊ पडते. म्हणून आत अॅल्युमिनियमची पट्टी देऊन 2.4 मिमीचे सपाट डोक्याचे रिवेट, तेही हातोड्यानं न ठोकता दाबयंत्रानं. ठोकलं की फायबर पांढरं पडून चिरतं.

दार फुगतं ही वेगळी तक्रार. वरच्या काउलमध्ये हवेचा दाब असतो, लॅच एकाच कडेला, त्यामुळे मधला भाग बाहेर येतो. म्हणून दार ताठ राहायला आतून दोन थर कार्बन कापड आणि टोपीच्या आकाराचा छेद असलेली एक पट्टी टाकली आहे. बिजागरी पुढच्या कडेलाच घ्या. मागच्या कडेला घेतली आणि लॅच सुटली, तर वारा दार उपटून उघडेल.

आषाढात बेळगावला इपॉक्सीचं काम जपून. दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो आणि पुढचा थर त्याला धरत नाही. पाण्यानं धुऊन घासून घ्या, मगच पुढचा थर.

उरलंय ते पिनेवरच्या स्प्रिंगचं काम. तिनं दार उघडं थांबलं की विमान उतरल्यावर आतली गरम हवा तिथून निघून जाते. फट सध्या 1.3 मिमी ठेवली आहे, कारण प्रायमर आणि रंग दोन्ही कडांवर चढतो.