माणिक जमलं, पण युरोपियमने चूक पकडून दिली: नोंद तिसरी

यूव्ही उजेड विझल्यावरही काही पदार्थ क्षणभर चमकत राहतात; ती चमक किती वेळ टिकते ते मी घरी मोजतोय. गेल्या नोंदीत माणकाचं मोजमाप जमल्याचं लिहिलं होतं. मांडणी तीच: ३६५ नॅनोमीटरची यूव्ही एलईडी १० मिलिसेकंद पेटवायची, झटक्यात विझवायची, आणि त्यानंतर माणकातून येणारा लाल उजेड कसा ओसरतो ते स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) बघायचं. उजेड ३७ टक्क्यांवर यायला ३.५ मिलिसेकंद लागले; या वेळेलाच चमकेचं आयुष्य म्हणतात. कृत्रिम माणकातल्या क्रोमियमचं आयुष्य खोलीच्या तापमानाला ३ ते ४ मिलिसेकंद असतं, त्यामुळे सर्किट बरोबर चालतंय असं मी धरून चाललो.

मग आली युरोपियम या धातूच्या सेंद्रिय संयुगाची पूड. दिसायला तांदळाच्या पिठीसारखी, यूव्हीखाली मात्र लालभडक. पारदर्शक नेलपॉलिशमध्ये चिमूटभर कालवून काचपट्टीवर पातळ थर दिला आणि वाळू दिला. समोर आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद, त्यामागे उजेड टिपणारा बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड. आयुष्य आलं ०.९ मिलिसेकंद. अशा सेंद्रिय संयुगांत युरोपियमचं आयुष्य बहुतेक वेळा अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास असतं, म्हणून आकडा खटकला. नमुना बदलला, थर पातळ केला, तरी तोच.

शेवटी काचपट्टी काढली, लाल कागद काढला आणि जागेवर साधा ए-फोर कागद ठेवला. कागदातलं ब्राइटनर निळं चमकतं आणि काही नॅनोसेकंदांत विझतं. म्हणजे स्कोपवर रेघ सरळ खाली पडायला हवी. ती पडली नाही. ०.७ मिलिसेकंदांची शेपूट दिसली, आणि ती कागदाची नव्हती, माझ्या सर्किटची होती. सिग्नल मोठा मिळावा म्हणून मी डायोडला १० मेगओहमचा रेझिस्टर लावला होता. बायस (बाहेरून दिलेलं व्होल्टेज) नसताना या डायोडची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, साधारण ७० पिकोफॅरड. सर्किट किती हळू उतरतं ते या दोहोंच्या गुणाकारावर ठरतं, आणि तो बरोबर ०.७ मिलिसेकंद! माणिक त्याच्या पाचपट हळू विझतं, म्हणून तिथे ही चूक झाकून गेली होती.

आता रेझिस्टर १०० किलोओहमचा, आणि डायोडला ९ व्होल्टच्या बॅटरीचा उलटा बायस, त्याने कपॅसिटन्सही उतरते. कागदाची शेपूट ५ मायक्रोसेकंदांच्या आत आली. सिग्नल अर्थात शंभरपट बारीक झाला, पण स्कोपवर २५६ वेळांची सरासरी घेतली की गोंगाट सोळापट कमी होतो. युरोपियमचा नवा आकडा: ०.४२ मिलिसेकंद. लॉग आलेखावर रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. ती बघून मी काही वेळ नुसता बसून राहिलो.

नॅनोसेकंदांच्या मानाने इतकं लांब आयुष्य येतं कुठून? युरोपियमच्या आतल्या ४एफ कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला खाली उतरायची वाट क्वांटम नियमांनी जवळजवळ बंद केलेली असते. वर चढायची वाटही तशीच अवघड, म्हणून तो स्वतः यूव्ही फारसं शोषत नाही. भोवतीचा सेंद्रिय रेणू अँटेनासारखा यूव्ही पकडतो आणि ऊर्जा त्याच्या हवाली करतो. वाइसमन या शास्त्रज्ञाने हे १९४२ मध्ये दाखवलं. पाणी मात्र या चमकेचं वैरी. ओ-एच बंधांची कंपनं ती ऊर्जा ओढून घेतात आणि साध्या पाण्यात मोकळ्या युरोपियमचं आयुष्य ०.११ मिलिसेकंदावर येतं. नेलपॉलिशचा कोरडा थर म्हणूनच सोयीचा पडला.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग हळदीचा. हळद स्पिरिटमध्ये भिजवली, तो रंग कागदाच्या पट्टीला दिला आणि पट्टी काचेखाली सरकवली. हळद यूव्हीखाली इतकी पिवळी पेटते की लाल थर डोळ्यांना दिसेनासा झाला, आणि जिलेटीन कागदातूनही तिचा बराच उजेड निसटत होता. पण हळदीची चमक नॅनोसेकंदांची. एलईडी विझल्यावर २० मायक्रोसेकंद थांबून मोजलं, तर हळद पूर्ण गायब आणि युरोपियम जागच्या जागी, आयुष्य तेच ०.४२. फिनलंडमधल्या तुर्कू इथे विकसित झालेली डेल्फिया चाचणी हेच करते: ४०० मायक्रोसेकंद थांबायचं, मग पुढचे ४०० मोजायचे. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात थायरॉइडला चालना देणारं टीएसएच हे संप्रेरक शोधायला ती वापरतात. रक्त, प्लास्टिक, कागद सगळेच थोडेथोडे चमकतात, पण तोवर ते विझलेले असतात.

घरी करणाऱ्यांनी यूव्हीचा चष्मा लावाच. ३६५ नॅनोमीटर डोळ्यांना मंद वाटतं, त्यामुळे आपण नकळत रोखून बघत राहतो.

पुढचा नमुना म्हणजे रुथेनियम या धातूचं बायपिरिडीन संयुग. पाण्यात प्राणवायू नसेल तर त्याचं आयुष्य ०.६ मायक्रोसेकंद, हवेशी संपर्क आला की ०.४ च्या आसपास. हा फरक पकडता आला तर घरच्या घरी प्राणवायू मोजता येईल. त्यासाठी माझी ५ मायक्रोसेकंदांची शेपूट फारच लांब आहे. शनिवारी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून ५० ओहमची केबल आणि तिच्या टोकाला लावायचा टर्मिनेटर आणले, आणि मंद उजेडही झटपट टिपणारा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर मागवलाय. तो आला की आधी ए-फोर कागद ठेवणार, मग रुथेनियम.