श्वासाचा अभ्यास सोडून मलेरिया का?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, इतकी वर्षं श्वसनाच्या शरीरक्रियाशास्त्रात घातलीत, मग मलेरियाच्या प्रतिकारशक्तीकडे कशा वळलात?" तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. श्वासाचा अभ्यास मी सोडलाच नाही, त्यानेच मला मलेरियापर्यंत नेलं.

माझी पीएच.डी. कॅरोटिड बॉडीवर. मानेतल्या मुख्य रोहिणीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे हा काही मिलिमीटरचा अवयव असतो. रक्तातला ऑक्सिजन घटला किंवा रक्तात आम्ल वाढलं, की तो मेंदूला कळवतो आणि श्वास वाढतो. याच शोधासाठी कॉर्नील हेमान्स यांना १९३८ सालचं नोबेल मिळालं. आपल्या ऑटार सिंग पेंटल यांनी शोधलेले फुफ्फुसातले जे-रिसेप्टर वेगळं काम करतात. केशवाहिन्यांभोवती पाणी साचलं की ते चेततात आणि श्वास उथळ, भराभर होतो. श्वास नुसता मोजू नका, तो कसा चाललाय तेही बघा, हे मी विद्यार्थ्यांना सांगते ते यामुळेच.

१९९५ साली केनियातल्या किलिफीहून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मलेरियाने दाखल झालेल्या १,८४४ मुलांमध्ये कोण दगावण्याची भीती जास्त, हे त्यात पाहिलं होतं. दोन लक्षणं सगळ्यांत पुढे होती: भान हरपणं आणि श्वासाचा त्रास. मेंदूच्या मलेरियाबद्दल आम्ही शिकलो होतो. श्वासाचं कोणी शिकवलंच नव्हतं.

पुढे आफ्रिकेतल्या एका वॉर्डात मी ते प्रत्यक्ष पाहिलं. आईच्या मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी होती. फ्रॉक वर केला तर छाती आणि पोट दोन्ही भरून वरखाली होत होतं, खूप लांबून धावत आल्यासारखं. नाकपुड्या फुललेल्या. छातीला स्टेथोस्कोप लावला तर फुफ्फुसं स्वच्छ! कुठेही खरखर नाही. न्यूमोनियाचा श्वास असा नसतो. रक्तात लॅक्टिक आम्ल साठलं होतं आणि ते आम्ल कमी व्हावं म्हणून तिची कॅरोटिड बॉडी जिवाच्या आकांताने कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला लावत होती. ज्या अवयवावर मी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काम केलं, तो एका लेकराला कसाबसा तगवून धरत होता.

हे आम्ल येतं कुठून? काही आम्ल मलेरियाचा परजीवी स्वतःच तयार करतो, कारण तो ग्लुकोज भराभर फस्त करतो. बाकीचं आपल्याच ऊतींमधून येतं. फॅल्सिपेरमचा, म्हणजे सगळ्यांत जीवघेण्या मलेरियाचा, परजीवी तांबड्या पेशीत जरा मोठा झाला की पेशीच्या पृष्ठभागावर पीएफईएमपी-१ नावाचं प्रथिन मांडतो. त्याच्या जोरावर पेशी केशवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि बिघडलेल्या पेशी गाळून काढणाऱ्या प्लीहेच्या तावडीतून सुटते. पण त्यामुळे वाट तुंबते, पुढच्या ऊतींना ऑक्सिजन मिळत नाही. बोट टोचून काढलेल्या थेंबात या चिकटलेल्या पेशी दिसतही नाहीत.

आणि इथेच प्रतिकारशक्ती आली. या प्रथिनाच्या वेगवेगळ्या रूपांची साधारण ६० जनुकं परजीवीजवळ असतात आणि तो एका वेळी बहुधा एकच वापरतो. शरीराने एक ओळखलं की दुसरं पुढे. म्हणून मलेरियाच्या प्रदेशातली मुलं पुन्हा पुन्हा आजारी पडतात, पण दरवेळी थोडं थोडं शिकतात, आणि मोठेपणी त्यांना सहसा गंभीर मलेरिया होत नाही. हे संरक्षण रक्तातल्या प्रतिपिंडांमध्ये (अँटीबॉडींमध्ये) आहे हे १९६१ मध्येच दिसलं होतं: पश्चिम आफ्रिकेतल्या प्रौढांची प्रतिपिंडं गॅम्बियातल्या आजारी मुलांना दिली, तेव्हा त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले.

एका निकालाने मात्र आम्हा शरीरक्रियावाल्यांची झोप उडवली. रक्ताभिसरण कोलमडलेल्या मुलांना भराभर सलाइन द्यावं, हे पाठ्यपुस्तकी शहाणपण. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ मुलांवर ते तपासलं गेलं, त्यांपैकी निम्म्याहून जास्त मलेरियाची. २०११ मध्ये निकाल आला: ४८ तासांत भराभर सलाइन दिलेल्यांपैकी सुमारे १०.५ टक्के दगावली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. कारणांवर अजून वाद आहे. पण चिकटलेल्या पेशींनी तुंबलेली वाट पाणी ढकलून मोकळी होत नाही, असं माझं तरी मत झालं. चिकटणंच थांबवायला हवं.

"आता लस आलीये ना?" हा पुढचा प्रश्न. आली, आणि आर-२१ पुण्याच्या सीरममध्ये बनते याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ती डास चावल्यावर यकृताकडे निघालेल्या परजीवीला अडवते. तिथून निसटून जो तांबड्या पेशीत शिरला, त्याच्या चिकटण्यावर तिचा इलाज नाही. त्यामुळे सध्या आम्ही खोल श्वास घेणाऱ्या मुलांच्या रक्तातले परजीवी नेमकी कोणती प्रथिनं मांडतात ते शोधतोय, आणि त्याच गावांतल्या, आता आजारी न पडणाऱ्या मोठ्या मुलांकडे त्या प्रथिनांवर कोणती प्रतिपिंडं आहेत, तेही.