आमच्या मंडळीचा मेळावा आणि माझा तुरुंग

आमच्या चर्चचा वार्षिक मेळावा म्हटलं की मला पहिल्यांदा आठवतो तो तुरुंग. दोन खुर्च्या पाठमोऱ्या ठेवायच्या आणि मध्ये सुतळीचे गज ताणायचे, झाला तुरुंग. संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गाच्या, पोरांचं नाटुकलं दरवर्षी तेच, बायबलमधल्या मत्तय 25 मधलं, जिथे येशू म्हणतो की गरजूंसाठी जे केलंत ते माझ्यासाठीच केलंत. भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी आणि कैदी अशी सहा पोरं स्टेजवर आणि त्यांना भेटायला येणारी दुसरी सहा, आणि मी हडकुळा म्हणून कैदी कायम मीच.

एका वर्षी मला भेटायला येणारा पोरगा ऐनवेळी पडद्यामागे रडत बसला. इकडे मी गज धरून उभा, हॉलमध्ये हशा, टीचर हातवारे करतायत, कोणाला काही सुचेना. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक आजी उठल्या, गुडघ्यावर हात टेकत टेकत स्टेजवर चढल्या आणि सुतळीतून हात घालून म्हणाल्या, "बरा आहेस ना रे?" मला डायलॉगच आठवेना, मी नुसतं "हो आजी" म्हटलं. नंतर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरनी, संदेशात या प्रकाराचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही, दुसरा कोणी असता तर अर्धा तास खेचलं असतं!

मग बायबल क्विझ. "चर्च म्हणजे काय?" हा प्रश्न यायचाच आणि कोणीतरी "बिल्डिंग" म्हणून मार्क घालवायचंच. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया, म्हणजे बोलावून जमवलेली सभा, आणि सुरुवातीच्या काळात ही सभा भरायची ती लोकांच्या घरातच. मला विचाराल तर आपला मराठी 'मंडळी' हा शब्द एकदम फिट आहे, त्याला भिंती चिकटतच नाहीत. मंडळीने करायचं काय, तर बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातलं 2:42, शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना, हे चार आम्ही बोटांवर मोजून पाठ केलेले, पण सहवास हमखास विसरायचा.

संडे स्कूलच्या टीचर रॉबर्ट रेक्सची गोष्ट दरवर्षी सांगायच्या. 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला त्याने शाळा काढली ती कारखान्यात राबणाऱ्या पोरांसाठी, त्यांना रविवारीच काय ती सुट्टी, म्हणून रविवारी वाचायला शिकवायचं, पुस्तक बायबल. टीचरनी ते भलतंच मनावर घेतलेलं, परीक्षा आली की उपासनेनंतर आमची गणितं घ्यायच्या.

खजिनदारांचा अहवाल सुरू झाला की निम्मा हॉल बाहेर. मी मात्र बसायचो, कारण त्यानंतर भेटींचा अहवाल असायचा आणि तो त्याच आजींच्या वहीतून यायचा. वाचायचं दुसऱ्या कोणीतरी, आजी माइकला हात लावायच्या नाहीत. वहीत तीन रकाने, रविवारी कोण आलं नाही, काय झालंय, आणि जाऊन आले का. तिसऱ्यात नुसती टिक. पाहुणे वक्ते "जा आणि शिष्य करा" या येशूच्या आज्ञेवर घसा ताणून बोलायचे, दूरदूरच्या देशांची नावं घ्यायचे, आणि आजी खाली मान घालून पुढच्या आठवड्याची यादी करत बसायच्या. मला लहानपणी वाटायचं की खरं मिशन ते वक्त्यांचं आणि आजींचं आपलं किरकोळ. पण कृत्ये 6 वाचा ना, विधवांच्या रोजच्या वाटपात दुजाभाव होतोय अशी तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, त्या कामाला मंडळीकडून चांगले सात जण निवडून घेतले, प्रार्थना करून, डोक्यावर हात ठेवून नेमले आणि त्यातला एक तर स्तेफन, पुढे पहिला ख्रिस्ती हुतात्मा झाला तो! बरं, इतक्या सुरुवातीलाच भांडणं होती हे वाचून आमच्या कमिटीबद्दलही जरा धीर येतो.

आता वहीच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कोणी आजारी पडलं की दोन मिनिटात चाळीस हात जोडलेले येतात, मीही पाठवतो, तिसऱ्या रकान्याचं मात्र काही खरं नाही.

गेल्या वर्षी बऱ्याच दिवसांनी मेळाव्याला गेलो. तेच नाटुकलं, तोच तुरुंग, फक्त खुर्च्या प्लॅस्टिकच्या. कार्यक्रम संपल्यावर सुतळीच्या गाठी कोणालाच सुटेनात, नवा कैदी अजून आतच, शेवटी कोणीतरी मला हाक मारली, या इकडे, तुम्हाला सवय आहे.