अन्नावरची वासना उडते तेव्हा

आजारी कुत्रे जेवत नसेल तर आधी त्याला मळमळत आहे का हे पाहावे आणि मगच थाळीत काय वाढायचे याचा विचार करावा, ही गोष्ट मला आमच्या चिंगीच्या गोचीड तापात पूर्णपणे पटली. ती सविस्तर लिहावीशी वाटते, कारण कुत्रे पाळणाऱ्या बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. कुत्र्याने दूध-पोळीला तोंड लावले नाही की आपण अंडे उकडतो, अंडे नको असेल तर चिकन आणतो, तेही हुंगून सोडले की कलेजी आणायला धावतो आणि या सगळ्या धावपळीत ते का खात नाही हा मुख्य प्रश्न मागे पडतो.

चिंगी ही गावठी कुत्री आहे, वजनाने वीस किलोच्या आसपास आणि एरवी थाळी चाटूनपुसून लख्ख करणारी. पावसाळा सरत आला असताना तिने एका सकाळी भाकरी तशीच ठेवली, संध्याकाळीही ती स्वयंपाकघराकडे फिरकली नाही आणि न्हाणीघराजवळच्या गार फरशीवर पोट टेकून पडून राहिली. ‘रुसली असेल, थोड्या वेळाने खाईल,’ असे आई म्हणाली. तिचा ओठ वर करून पाहिला तेव्हा एरवी गुलाबी दिसणाऱ्या हिरड्या फिकट झाल्या होत्या आणि पोटाच्या विरळ केसांच्या भागात टाचणीने टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके उमटले होते. डॉक्टरांनी ताप मोजला तो १०४ अंश फॅरनहाइट भरला (निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ असते, त्यामुळे आपल्या हाताला गरम लागणारे कुत्रे तापलेले असेलच असे नाही). रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट एक लाखाच्याही खाली आढळल्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारणपणे दोन ते पाच लाख असतात.

हा आजार एर्लिकिया कॅनिस नावाच्या जिवाणूमुळे होतो आणि तपकिरी गोचीड तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे नेते. १९३५ साली अल्जीरियातील कुत्र्यांमध्ये तो प्रथम नोंदला गेला, आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची अनेक कुत्री त्याला बळी पडल्यावर जगाने त्याची गांभीर्याने दखल घेतली. गोचीड चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत हा जिवाणू पांढऱ्या पेशींमध्ये वाढतो, ताप येतो, प्लेटलेट घटतात, आणि शरीर संसर्गाशी झुंजताना जी रसायने सोडते ती मेंदूतील भुकेच्या केंद्रापर्यंत पोहोचून भूक दाबून टाकतात. म्हणजे न जेवणे हा आजाराचाच भाग असतो. हे एकदा लक्षात आले की कुत्र्यावर रागावण्याचे किंवा त्याचे लाड कमी पडले असे समजण्याचे कारण उरत नाही.

मळमळ ओळखण्यासाठी मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण कुत्रे ओकतेच असे नाही. चिंगीपुढे वाटी ठेवली की ती उठून यायची, नाक वाटीच्या काठापर्यंत न्यायची आणि मग एकदम मान वळवायची. जिभेने ओठ चाटायची, तोंडात काही नसताना पुन्हा पुन्हा गिळायची, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक तार लोंबायची. फिरायला नेले तर अधाशासारखे गवत खायची. भूक मुळीच नसलेले कुत्रे वाटीजवळ येतच नाही; भूक आहे पण पोटात ढवळते आहे असे कुत्रे येते आणि परत फिरते. हा फरक आम्ही डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांगितला, त्यांनी लगेच मॅरोपिटंट या मळमळ थांबवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले, आणि दुसऱ्या दिवशी तिने चार घास स्वतःहून घेतले. ‘जेवत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा ती वाटीपुढे काय करते हे सांगणे कितीतरी उपयोगाचे ठरते, आणि फोनवर काढलेली छोटी चित्रफीत तर त्याहून अधिक.

आता आग्रहाविषयी. आपल्याकडे आजाऱ्याला दोन घास जास्त खाऊ घालणे म्हणजेच माया करणे, आणि ही माया घरातल्या कुत्र्याच्याही वाट्याला येते. आई वाटी घेऊन तिच्यामागून खोलीभर फिरायची, जबड्याला भाताचे बोट लावायची. त्यामागची तळमळ मला समजते, कारण माझाही जीव तितकाच तुटत होता. परंतु मळमळत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात अन्न कोंबले की त्या अन्नाचा वास आणि पोटातला त्रास यांची गाठ त्याच्या मनात पक्की बसते, आणि बरे झाल्यावरही ते त्या पदार्थाकडे पाठ फिरवते. डॉक्टरांनी हे शांतपणे समजावल्यावर आईने ते मनापासून मानले. वाटी ठेवायची, पंधरा-वीस मिनिटे आपण दूर बसायचे, खाल्ले नाही तर न बोलता उचलून ठेवायची आणि काही तासांनी ताजे अन्न पुन्हा द्यायचे, असे ठरले. दिवसभर समोर पडून राहिलेल्या अन्नाच्या वासानेही मळमळ वाढते.

मळमळ आटोक्यात आल्यावर अन्नाचा विचार खऱ्या अर्थाने सुरू होतो आणि तिथे वासाला चवीपेक्षा अधिक महत्त्व असते. कोंबडीच्या छातीचा भाग हाडाविना, मीठ-मसाला न घालता उकडायचा, त्याच पाण्यात भात मऊ शिजवायचा आणि हाताला कोमट लागत असताना, एका वेळी लिंबाएवढा घास, तोही पसरट ताटलीत द्यायचा. फ्रिजमधले थंड अन्न दरवळत नाही, म्हणून ते गरम पाण्यावर धरून कोमट करावे. आमच्या कोकणातल्या मावशीने सुकट सुचवली. ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन खारटपणा घालवला आणि चिमूटभर भातात कुस्करली, तर चिंगीने ताटली पहिल्यांदा चाटून संपवली. सूप करताना कांदा-लसूण मात्र अजिबात घालू नये, कारण ते कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि ज्या आजारात रक्त आधीच कमी झालेले असते त्यात ही चूक महागात पडते. शिजलेली हाडे, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट हेही वर्ज्यच.

किती खाल्ले पाहिजे, याचा अंदाज असला की जीव थोडा थाऱ्यावर येतो. वीस किलोच्या कुत्र्याला नुसते पडून राहण्यासाठी दिवसाला साधारण ६६० किलोकॅलरी लागतात, आणि शंभर ग्रॅम उकडलेल्या चिकनमधून सुमारे १६५ मिळतात. पहिल्या दिवशी या ६६० पैकी चौथा हिस्सा पोटात गेला तरी चालतो, पुढे तो हळूहळू वाढवावा. पाण्याच्या बाबतीत मात्र सवलत नाही. हिरडीवर बोट दाबून उचलल्यावर पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाला नाही, किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश खाली बसली, तर सलाईनसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गोचीड तापावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले जाते, साधारणपणे २८ दिवस, आणि अडचण अशी की हेच औषध रिकाम्या पोटी मळमळ वाढवते. म्हणून आधी दोन घास, मग गोळी, आणि लगेच थोडे पाणी असा क्रम आम्ही पाळला. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडू शकतो. ती दुधातून, दह्यातून किंवा पनीरच्या तुकड्यात देऊ नये, कारण कॅल्शियममुळे औषध शरीरात नीट शोषले जात नाही. दोन-तीन दिवसांत ताप उतरून कुत्रे टुणटुणीत दिसू लागले तरी औषध मधेच थांबवू नये. माणसांच्या क्रोसिन, कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्या तापासाठी स्वतःहून देणे तर जिवावर बेतू शकते.

सिरिंजने भरवण्याविषयी अनेकजण विचारतात. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तो मार्ग धरू नये, आणि धरलाच तर कुत्रे पूर्ण जागे असावे, डोके वर न खेचता सरळ असावे, सिरिंजचे टोक गालाच्या खोबणीत ठेवावे आणि प्रत्येक घोट गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा. उलट्या होत असलेल्या किंवा गुंगीतल्या कुत्र्याला असे भरवले तर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

प्रौढ कुत्र्याने २४ तासांहून अधिक काळ काहीच खाल्ले नाही तर वाट पाहू नये, आणि पिल्लांच्या बाबतीत तर तेवढाही अवधी नसतो, कारण त्यांची रक्तातील साखर झपाट्याने उतरते. कुत्रे म्हातारे असेल, पाणी खूप पीत असेल आणि तोंडाला उग्र वास येत असेल तर मूत्रपिंडाची तपासणी आवर्जून करून घ्यावी. तिथे आहाराचे नियम वेगळे असतात आणि वर सांगितलेले चिकन भरपूर देणे योग्य ठरेलच असे नाही.

चिंगी आता पूर्ववत जेवते, पण आमचे काम तिच्या थाळीशी संपले नाही. पोट भरलेली गोचीड मादी अंगावरून गळून भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे आणि गादीच्या शिवणीत हजारो अंडी घालते, त्यामुळे केवळ कुत्र्याच्या अंगावर औषध लावून भागत नाही. आम्ही भेगा सिमेंटने बुजवल्या, तिचे अंथरूण उकळत्या पाण्यात धुतले आणि डॉक्टरांनी सांगितलेले गोचीड प्रतिबंधक औषध दर महिन्याला वेळेवर देतो. फिरून आल्यावर कानांच्या आतल्या घड्या, बोटांमधली जागा आणि शेपटीखालचा भाग तपासून, सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढतो आणि बोटांनी न चिरडता स्पिरिटच्या बाटलीत टाकतो. शेजारच्या इमारतीतल्या दोन कुत्र्यांनाही गोचीड प्रतिबंधक औषध सुरू करावे म्हणून त्यांच्या घरी जाऊन सांगून आले आहे, कारण दोन्ही इमारतींची कुत्री एकाच मोकळ्या जागेत फिरतात.